अंदाज आला, म्हणून थरार गेला?

नवा थरारपट आला की त्यावरची चर्चा दोनच वाक्यांभोवती फिरते. पहिलं, ‘खुनी कोण ते मला मध्यंतरालाच कळलं होतं.’ दुसरं, ‘शेवटचा ट्विस्ट अजिबात ओळखता आला नाही, जबरदस्त!’ पहिलं कानावर आलं की चित्रपट नापास, दुसरं आलं की पास. मधेच कुणी कथेतली एखादी गोष्ट फोडली तर सगळे त्याच्यावर असे तुटून पडतात, जणू त्याने त्यांचं तिकीटच फाडून टाकलं. या सगळ्याच्या मुळाशी एक गृहीतक आहे आणि ते कुणी तपासत नाही: थरार म्हणजे पुढचं माहीत नसणं. मग जितकं अनपेक्षित तितकं थरारक, जितकं ओळखीचं तितकं बाद. ‘ठोकळेबाज’, ‘साचेबद्ध’, ‘फॉर्म्युला’ हे शब्द शिव्यांसारखे वापरले जातात ते त्यामुळेच.

मला हे गृहीतक डोक्यावर उभं केलेलं वाटतं. थरार माहितीतून येतो. आणि थरारपटाच्या ज्या ठरीव गोष्टींना आपण नाकं मुरडतो, त्या म्हणजे ही माहिती एक शब्दही न बोलता प्रेक्षकाच्या हाती देण्याची सर्वांत जुनी आणि काटकसरी युक्ती आहे. साचा काढून घ्या, उरतील ते सुटे धक्के. धक्क्याची मजा असतेच, पण ती टाचणी टोचल्याची मजा. तिच्यासाठी दोन तास अंधारात बसायची गरज नाही.

शैलीच्या अशा ठरीव गोष्टींना मराठी समीक्षा ‘संकेत’ म्हणते, आणि हा शब्द आपल्याला वाटतो त्यापेक्षा बराच शहाणा आहे. संकेत म्हणजे रूढ झालेली पद्धत. संकेत म्हणजे खूण, इशारा. आणि जुन्या काव्यातल्या अर्थाने संकेत म्हणजे दोघांनी आधी ठरवून ठेवलेली भेट. थरारपटाला तिन्ही अर्थ एकाच वेळी लागू पडतात. रूढ आहे म्हणून ती खूण ओळखता येते. ओळखता येते म्हणून दिग्दर्शक आणि प्रेक्षक यांची एका ठिकाणी भेट ठरते. भेट ठरलेली असेल तरच वाट पाहता येते. ‘उत्कंठा’ हा शब्दही बघा: मान उंचावून वाट पाहणं. मान उंचावायची तर रस्ता कुठून येतो ते आधी माहीत हवं. काहीही, कुठूनही, केव्हाही होऊ शकतं असं म्हटल्यावर माणूस मान उंचावत नाही, तो कंटाळतो.

टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण आता इतक्या वेळा दिलं जातं की ते द्यायला संकोच वाटतो, पण माझा पुढचा मुद्दा त्याच्यावरच उभा आहे. थरारपटांचा दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक याने 1962 साली फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफोला जी दीर्घ मुलाखत दिली, तिच्यात तो म्हणतो ते साधारण असं: दोघं टेबलाशी बसून गप्पा मारतायत, खाली बॉम्ब आहे, आपल्याला ठाऊक नाही, तो फुटतो. आपल्याला पंधरा सेकंदांचा धक्का मिळतो. तोच बॉम्ब आपल्याला आधी दाखवला तर त्याच कंटाळवाण्या गप्पा पंधरा मिनिटं जीव टांगणीला लावतात. हे सगळे उद्धृत करतात. मात्र एक गोष्ट सुटते. शैली पुरेशी जुनी झाली की तो बॉम्ब दाखवावाही लागत नाही. पोलीस अधिकारी सहकाऱ्याला सांगतो, पुढच्या आठवड्यात निवृत्त होतोय, की बॉम्ब ठेवला गेला. मुरलेला चोर म्हणतो, हे शेवटचं काम, की घड्याळ टिकटिकायला लागलं. बाई आरसा लावलेलं कपाट उघडते, आत काहीतरी शोधते, आणि कॅमेरा हलत नाही. कपाट बंद होताना आरशात कुणीतरी दिसणार म्हणून आपण आधीच आखडून बसलेलो असतो. आरशात कुणीच नसलं तरी भीती वाटून झालेली असते. दिग्दर्शकाने यात काही खर्च केलं नाही. ना नट, ना रक्त, ना संगीत. खर्च केली ती आपल्या आठवणीतली जमा, आधीच्या शंभर चित्रपटांनी साठवलेली.

‘पण हे सगळं सिनेमाचं, खऱ्या कलेत असं नसतं’ असं म्हणणाऱ्यांसाठी थोडं मागे जाऊ. महाभारतातल्या शकुंतलेच्या कथेत ना शाप आहे ना अंगठी. तिथे दुष्यंत तिला ओळखतो आणि लोकापवादाच्या भीतीने नाकारतो. शाप आणि अंगठी कालिदासाने आणली. काय साधलं त्याने? चौथ्या अंकाच्या आरंभी दुर्वास शाप देतो. तो प्रियंवदेच्या आणि अनसूयेच्या कानी पडतो, आपल्याही पडतो. फक्त जिच्यासाठी तो आहे तिला कळत नाही. पुढे सासरी पाठवणीचा तो हळवा प्रसंग चालतो आणि प्रेक्षक मनातून ओरडत असतो की अंगठी सांभाळ. पाचव्या अंकात ती खुणेची अंगठी दाखवायला जाते, आणि बोट रिकामं. शेवट प्रेक्षकाला माहीत होता. कथा घरोघरची होती. तरीही, किंवा म्हणूनच, कालिदासाने माहितीचा साठा कमी न करता वाढवला. टेबलाखाली बॉम्ब ठेवून गप्पा चालू दिल्या. याला आपण काय म्हणणार, शाकुंतल प्रेडिक्टेबल आहे?

हिचकॉकने हेच 1958 साली ‘व्हर्टिगो’मध्ये केलं आणि तेव्हाही त्याच्या बरोबरच्या लोकांना ते पटलं नव्हतं. ज्या फ्रेंच कादंबरीवर तो चित्रपट बेतला आहे, तिच्यात मुख्य रहस्य शेवटी उलगडतं. हिचकॉकने ते चित्रपटाचा मोठा भाग बाकी असतानाच प्रेक्षकाला सांगून टाकलं आणि नायकाला मात्र अंधारात ठेवलं. (रहस्य कोणतं ते इथे सांगत नाही. सांगितल्याने काही बिघडत नाही हाच माझा मुद्दा आहे, पण उगाच भांडण नको.) त्या क्षणापर्यंत आपण विचारत असतो, ‘हे काय चाललंय?’ त्या क्षणानंतर विचारतो, ‘याला कळेल तेव्हा हा काय करेल?’ पहिला प्रश्न कोड्याचा, दुसरा माणसाचा. पहिल्याचं उत्तर मिळालं की तो संपतो. दुसरा प्रत्येक वेळी चित्रपट पाहताना पुन्हा जिवंत होतो. एकदा पाहिलेला थरारपट पुन्हा पाहताना तळहाताला घाम का येतो, या प्रश्नावर तत्त्वज्ञांनी बरीच डोकेफोड केली आहे. मला त्याचं साधं उत्तर इथे दिसतं. ताण आपल्या अज्ञानावर उभाच नव्हता. तो पडद्यावरच्या माणसाच्या अज्ञानावर उभा होता, आणि ते अज्ञान दर खेपेला तितकंच ताजं असतं.

आता विरोधी बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा, आणि तो खुद्द हिचकॉकच पुरवतो. 1960 साली ‘सायको’ प्रदर्शित झाला तेव्हा चित्रपट सुरू झाल्यावर कुणालाही आत सोडायचं नाही अशी अट होती. त्याच्या पाच वर्षं आधी फ्रेंच दिग्दर्शक क्लूझोच्या ‘ले दियाबोलिक’च्या अखेरीस पडद्यावर विनंती झळकत होती की मित्रांना शेवट सांगू नका. ज्यांनी थराराचं शास्त्र घडवलं तेच रहस्य इतकं जपत होते, मग ‘कळलं तरी चालतं’ म्हणणारे आपण कोण? आणि प्रामाणिकपणे बोलायचं तर काहीही माहीत नसताना चित्रपट पाहण्याचा पहिला अनुभव एकदाच मिळतो. तो कुणी हिरावून घेतला तर चिडायचा हक्क आहे. 2011 साली कॅलिफोर्नियातल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी असा प्रयोग केला होता की लघुकथांचे शेवट आधीच सांगितलेल्या वाचकांना त्या कथा उलट जरा जास्तच आवडल्या. तो निष्कर्ष माझ्या बाजूचा आहे म्हणून लोक तो माझ्यासारख्यांच्या हाती देतात. मी तो फार ताणणार नाही. लघुकथा म्हणजे चित्रपट नव्हे, आणि नंतरच्या काही प्रयोगांत उलटेही निष्कर्ष निघाले आहेत.

तरी हे सगळं मान्य करूनही प्रश्न उरतो: ‘सायको’त जपलं गेलं ते नेमकं काय? धक्का. नायिकेचा न्हाणीघरात अचानक होणारा खून हा धक्का आहे, आणि तो धक्का बसतो तोही एका संकेतामुळेच. पोस्टरवरची तारका पहिल्या तासात मरत नाही, हा संकेत इतका पक्का होता की कुणाला तो संकेत आहे हे जाणवतही नव्हतं. पण या चित्रपटातला खरा थरार मला वाटतं त्यानंतर सुरू होतो, सगळं दिसून झाल्यावर. मोटेल चालवणारा नॉर्मन तिचं प्रेत ठेवलेली गाडी दलदलीत ढकलतो. गाडी हळूहळू बुडू लागते आणि मधेच थांबते. टपाचा पांढरा तुकडा वर तसाच. तो तोंडातलं चघळणं थांबवून इकडेतिकडे बघतो. आणि आपण, ज्यांना त्या गाडीत काय आहे ते पक्कं माहीत आहे, आपण मनात म्हणतो, बुड, बुड लवकर. मी हा प्रसंग किती वेळा पाहिला ते मोजणं सोडून दिलंय. दर वेळी माझा श्वास तिथेच अडतो. तिथे ना रहस्य आहे ना कलाटणी. पुरावा लपवणारा माणूस पकडला जाईल का, हा थरारपटाचा सर्वांत झिजलेला प्रसंग आहे. तोच साचा वापरून हिचकॉक आपल्याला गुन्हेगाराच्या बाजूला नेऊन उभं करतो. साचा अनोळखी असता तर आपण इतक्या सहज तिकडे गेलो असतो का?

संकेत हा करार कसा असतो हे बघायला ‘जॉज’ (1975) इतकं चांगलं उदाहरण नाही. यांत्रिक शार्क सारखा बिघडायचा म्हणून तो कमी दाखवावा लागला, ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. त्याच्या जागी आलं जॉन विल्यम्सचं संगीत, दोन सुरांचं. हे दोन सूर वाजले की शार्क आहे, हे चित्रपट आपल्याला पहिल्या काही प्रसंगांतच शिकवतो. मग सुट्टीच्या दिवशी गच्च भरलेल्या किनाऱ्यावर पाण्यात शार्कच्या पाठीवरचा पर दिसतो. घबराट, किंकाळ्या, चेंगराचेंगरी. पण संगीत नाही. थोड्याच वेळात कळतं, दोन पोरांनी पुठ्ठ्याचा पर लावून खोडी काढली होती. पुन्हा चित्रपट पाहाल तेव्हा त्या क्षणी कान द्या: चित्रपट खोटं बोललेला नाही. शार्क नव्हता म्हणून सूरही नव्हते. आपण घाबरलो ती आपली चूक. हा करार इतका प्रामाणिकपणे पाळल्यानंतर, पुढे पोलीसप्रमुख बोटीच्या मागच्या टोकाशी उभा राहून कुरकुरत पाण्यात आमिष टाकत असतो, तेव्हा एकही सूर न वाजता ते जबड्यासकट डोकं वर येतं. प्रेक्षक खुर्चीतून उडतो. हा एक क्षण विकत घेण्यासाठी आधीचा दीड तास सचोटीने घालवावा लागला. पहिल्याच प्रसंगापासून ‘संगीत काय, कधी वाजेल कधी नाही’ असा बेभरवशाचा कारभार असता तर इथे मोडायला काय उरलं असतं?

आणि मोडण्याचंच बोलायचं तर ‘द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स’मधली (1991) दारावरची घंटा. एफबीआयचं पथक एका घराला वेढा घालतं. फुलं पोहोचवणाऱ्याच्या वेषातला माणूस बेल दाबतो. तळघरात घंटा वाजते, खुनी वर जायला निघतो. बाहेर पथक, आत खुनी; पुन्हा पथक, पुन्हा खुनी. मग तो दार उघडतो, आणि दारात एफबीआयची शिकाऊ तरुणी क्लॅरिस, एकटी. पथक दुसऱ्याच राज्यातल्या रिकाम्या घरात घुसलेलं आहे. इथे आपल्याला कुणीही काही सांगितलं नव्हतं. आपणच दोन दृश्यं एकत्र शिवली, कारण आलटून पालटून दाखवलेली आतली आणि बाहेरची दृश्यं एकाच जागेची असतात हे आपल्याला कुणीतरी फार पूर्वी शिकवलं. अमेरिकी दिग्दर्शक डी. डब्ल्यू. ग्रिफिथने 1909 सालच्या ‘द लोनली व्हिला’त दरोडेखोर, घरात अडकलेली बायकामुलं आणि वाटेत धावणारा नवरा अशी समांतर जोडणी केली तेव्हापासून, खरं तर त्याच्याही किंचित आधीपासून, जगभरचे प्रेक्षक ही भाषा वाचतायत. ऐंशी वर्षं एक वाक्यरचना रुळू दिली, तेव्हा कुठे संकलकाला एका कटमध्ये तिचा अर्थ उलटवता आला. जे लोक या प्रसंगाला ‘साचा झुगारणारा’ म्हणून गौरवतात, त्यांना माझं एवढंच सांगणं आहे की तो साचा झुगारत नाही, तो साच्याच्या साठवलेल्या व्याजावर जगतो. संकेत न जाणणाऱ्या माणसाला तो प्रसंग दाखवा; त्याला फक्त एक दार उघडलेलं दिसेल.

दुसरा आक्षेप मला जास्त छळतो: संकेत झिजतात. ‘कॅट पीपल’मध्ये (1942) एक बाई रात्री एकटी चालत असते. मागे टाचांचा आवाज. संगीत नाही, फक्त दोन जोडी पावलं. मग मागची पावलं बंद होतात. ती वळून बघते, भरभर चालते, धावते, आणि एकदम कानाशी फुस्सकन आवाज करत चौकटीत घुसते एक बस. ब्रेकचा आवाज होता तो. या युक्तीला धंद्यात ‘बस’ असंच नाव पडलं, कारण त्यानंतर प्रत्येकाने आपापली बस आणली. पुढे बसची मांजर झाली, मांजराची खांद्यावर अचानक पडलेली मित्राची थाप झाली, आणि आता तर काहीच नसतं, नुसता आवाज असतो. आधीची दोन मिनिटं न कमावता शेवटचा दणका तेवढा द्यायचा. त्यात मोबाईलची नेमकी गेलेली रेंज आणि ऐन वेळी सुरू न होणारी गाडी. इथे टीकाकारांचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य आहे; यातल्या कित्येक चित्रपटांचा आवाज बंद करून पाहिला तर झोप येते.

पण रोग काय आणि औषध काय? खऱ्या कारागिराने झिजलेल्या संकेताचं काय केलं ते ‘नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट’मध्ये (1959) दिसतं. माणसाला फसवून एकट्या जागी बोलवायचं आणि मारायचं, हा प्रसंग. त्याचा ठरलेला पोशाख म्हणजे रात्र, ओला रस्ता, दिव्याखालची सावली, खिडकीतून डोकावणारा चेहरा. हिचकॉकने हाच पोशाख नजरेसमोर ठेवून एकेक कपडा उतरवला. भर दुपार, सपाट शेतं, लपायला झाड नाही, लपून बसायलाही जागा नाही. रस्त्याच्या पलीकडे उभा असलेला अनोळखी माणूस सहज म्हणून जातो, ते विमान जिथे पीकच नाही तिथे फवारणी करतंय. संकेत टाकून दिलेला नाही. गल्लीतला खून जसाच्या तसा आहे, फक्त गल्ली काढून घेतली आहे. आणि आपण काळोखातून येणाऱ्या धोक्याची सवय घेऊन त्या उन्हात उभे असतो, कुठे बघावं ते न कळून. हिंदी चित्रपटातही असं घडलंच की. ‘महल’पासून (1949) दूरवरून ऐकू येणारं अज्ञात स्त्रीचं गाणं हा रहस्यपटाचा संकेत झाला आणि पुढच्या दीड दशकात तो पुरेपूर वापरला गेला. गाणं हवंच, ही सवय इतकी घट्ट होती की ‘कानून’ (1960) आणि ‘इत्तेफाक’ (1969) गाण्यांशिवाय आले तेव्हा ती अनुपस्थिती हेच तणावाचं एक कारण ठरलं. गाणं आलं की प्रेक्षक पाय मोकळे करतो. इथे ती मुभाच नव्हती. ज्या भाषेत गाण्याचा संकेतच नाही, तिथे गाणं नसण्याला काय किंमत? झिजलेल्या संकेतावरचा उपाय म्हणजे त्याला परत कामाला लावणं. सगळे संकेत टाकून कोऱ्या पाटीवर थरार उभा करू म्हणणाऱ्यांचे चित्रपट पाहिले आहेत. धुकं भरपूर, भीती नाही.

तिसऱ्या आक्षेपापुढे मात्र मी बराच वेळ निरुत्तर होतो, आणि अजूनही पूर्ण सुटलो असं म्हणणार नाही. संकेत निरागस नसतात. खलनायक कसा दिसतो, कोण लंगडतो, कुणाच्या चेहऱ्यावर व्रण आहे, कुणाचा उच्चार परका आहे, मरणारी बाई कशी वागणारी असते, या सगळ्याचेही संकेत बनले, आणि ते समाजाच्या पूर्वग्रहांनी बनवले. गुप्तहेरकथांसाठी इंग्रज लेखक रोनाल्ड नॉक्सने 1929 साली दहा नियम लिहिले, त्यातला एक नियम कथेत चिनी माणूस आणायचा नाही असा आहे. आज वाचताना तो नियमच वंशद्वेषी वाटतो. खरं तर त्याचा रोख होता तो तेव्हाच्या स्वस्त कथांवर, ज्यांत परका चेहरा दिसला की गुन्हेगार सापडलाच. ज्या घंटेच्या प्रसंगाचं मी आत्ता कौतुक केलं, त्याच चित्रपटातल्या खुन्याच्या समलिंगीद्वेषी वाटणाऱ्या चित्रणाविरुद्ध 1992 च्या ऑस्कर सोहळ्याच्या वेळी निदर्शनं झाली होती, आणि निदर्शकांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. संकेत म्हणजे माहिती असं मी म्हणतो. मग खोटी माहिती पुरवणाऱ्या संकेतांचं काय?

माझं उत्तर अपुरं असेल, पण ते असं. असा संकेत नैतिकदृष्ट्या वाईट आहेच, शिवाय तो थराराच्या कामाचाही नाही, कारण तो उत्तर आधीच देऊन टाकतो आणि प्रेक्षकाला वाट पाहण्याचं कारण ठेवत नाही. उलट ज्याला संकेतांची ताकद कळते त्याच्या हाती तेच हत्यार पूर्वग्रहावर उलटवता येतं. ‘गेट आऊट’चा (2017) शेवट घ्या. नायक जीव वाचवून रस्त्यावर आला आहे, आजूबाजूला प्रेतं, आणि दूरवरून गाडीचे लाल-निळे दिवे येताना दिसतात. थरारपटाच्या इतिहासात हे दिवे म्हणजे सुटका. इथे श्वास सोडायचा असतो. पण नायक काळा आहे, रस्ता अमेरिकेतला आहे, तो एका जखमी गोऱ्या बाईच्या बाजूला ओणवा आहे. सुटकेचा संकेत त्या क्षणी सापळा बनतो. पडद्यावर कुणी ते समजावून सांगत नाही. दिव्यांचा तो जुनापुराणा अर्थ आपल्याला ठाऊक होता, म्हणूनच हा माणूस त्या अर्थात बसत नाही हे पोटात खड्डा पडल्यासारखं कळतं. त्या गाडीतून शेवटी कोण उतरतं हे दुय्यम आहे. दिग्दर्शक जॉर्डन पीलने नायकाला तुरुंगात दाखवणारा दुसरा शेवटही चित्रित केला होता. दोन्ही शेवटांत ते दिवे तेच काम करतात. वंशभेदावरचे किती निबंध वाचून प्रेक्षकाला तो एक क्षण अनुभवता आला असता?

राहता राहिली ती ‘मोडणं म्हणजेच धाडस’ ही फॅशन. आजकाल लेखक मंडळी आवर्जून सांगतात की आम्ही प्रेक्षकाच्या अपेक्षेला सुरुंग लावला. कोणत्या अपेक्षेला, आणि ती कुणी निर्माण केली होती? हिचकॉकने हा प्रयोग तरुणपणी केला आणि तोंडघशी पडला. ‘सॅबोटाज’मध्ये (1936) एका लहान मुलाच्या हाती फिल्मच्या डब्यांबरोबर एक पुडकं दिलं जातं. त्यात बॉम्ब आहे, पावणेदोनला फुटणार आहे. आपल्याला माहीत आहे, मुलाला नाही. वाटेत रस्त्यावरचा विक्रेता त्याला पकडून त्याच्यावर दंतमंजनाचं प्रात्यक्षिक करतो. मग मिरवणूक आडवी येते. मग तो बसमध्ये चढतो, शेजारी कुत्र्याचं पिल्लू, तो त्याच्याशी खेळतो. घड्याळ, रहदारी, घड्याळ. आणि बॉम्ब फुटतो. प्रेक्षक आणि समीक्षक संतापले, आणि पुढे स्वतः हिचकॉकनेच त्रुफोपाशी कबूल केलं की ती चूक होती. दृष्टी ठेवून पाहिलं तर तो प्रसंग निर्दोष बांधलेला आहे. दोष हिशोबात आहे: इतका वेळ जीव टांगून ठेवला तो सुटकेच्या वचनावर, आणि वचन वसूल करायच्या क्षणी दुकान बंद.

तोच माणूस चोवीस वर्षांनी ‘सायको’त नायिकेलाच मारतो आणि त्याला कुणी फसवणूक म्हणत नाही. फरक काय पडला? न्हाणीघरात शिरताना तिच्या जिवाबद्दल कथेने आपल्याला कसलंच वचन दिलेलं नव्हतं. तिला चोरीचा पश्चात्ताप झाला होता, पैसे परत करायचं ठरलं होतं, कथेचं तोवरचं देणं फिटत आलं होतं. पाणी सुरू झालं तेव्हा टेबलाखाली काहीच नव्हतं. आणि खून झाल्यावर घाईने पुढे न पळता हिचकॉक त्या माणसाला फरशी पुसायला लावतो. बादली, पोतेरं, टॉवेल. तो न्हाणीघर कोपऱ्याकोपऱ्यातून स्वच्छ करतो, सामान बांधतो, खोलीवर एकदा शेवटची नजर फिरवतो आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेले ते चाळीस हजार डॉलर नकळत गाडीच्या डिकीत टाकतो. ज्या पैशांसाठी आपण पाऊण तास जीव मुठीत धरून बसलो होतो ते त्याला माहीतही नाहीत, आपल्याला आहेत. मग तो गाडी दलदलीच्या काठावर नेऊन ढकलतो, आणि ती मधेच थांबते.